संशय आपल्याकडे भरपूर आहे

केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचे, अशी दुरुस्ती 2023 मध्ये आयटी नियमांत झाली. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बरे झाले. पण फिनलंडमध्ये बसून तो वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. खोटे कोणी रोखायचे, सरकारने, न्यायालयाने की कंपन्यांनी, यावर सगळे हिरिरीने बोलत होते. वाचणाऱ्याचे नाव कोणी काढत नव्हते.

इथे 2016 पासूनच्या शालेय अभ्यासक्रमात वाचलेले पारखायला शिकवण्याचे काम वेगळ्या विषयाकडे न देता भाषा, गणित, चित्रकला अशा सगळ्याच तासांना वाटून दिले आहे. माझ्या मुलीला गृहपाठ होता: वर्तमानपत्राचे एक पान घ्यायचे आणि बातमी, मत, जाहिरात वेगवेगळ्या रंगांनी रंगवायची. एका चौकटीशी ती अडली. रकाने बातमीसारखे, टाइप जवळपास तोच, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात'. बाईंनी वर्गात विचारले, याचे पैसे कोणी दिले? आणि लगेच पुढे, ते तुला कशावरून कळले? मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

कारण पहिल्याचे उत्तर आपल्याकडे तोंडपाठ असते. घरी फोनवर विषय काढला की मामा म्हणतात, "अगं, सगळेच विकले गेलेत." हे अगदीच हवेतले नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत तोच मजकूर शब्दशः छापून आला होता. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल लिहिला, तर कौन्सिलने आधी त्याची छोटी आवृत्तीच बाहेर काढली! पण 'सगळेच विकले गेलेत' म्हटले की तपासायचे काही उरतच नाही. मग खरे काय ते ओळखीच्या माणसाच्या फॉरवर्डवरून ठरते. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांचा जीव घेतला.

फिनलंडचे कौतुकही बेताने करावे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीत इथल्या 69 टक्के लोकांनी बातम्यांवर विश्वास असल्याचे सांगितले. अशा जमिनीवर प्रश्न विचारायला शिकवणे सोपे. आपल्याकडे नुसते 'शंका घ्या' शिकवले तर मामांचीच संख्या वाढेल.

म्हणून शाळेत उदाहरणे आपलीच घ्यावीत. 2009 ची ती दैनिके शेजारी शेजारी ठेवावीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजलीने 2024 मध्ये छापलेला माफीनामाही घ्यावा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने विचारले होते, तुमच्या जाहिराती एवढ्याच आकाराच्या असतात का? पट्टी घेऊन मोजायला पाचवीतल्या मुलालाही जमेल.