अकाउंट बंद करायचंय? मग जरा बसा

सोशल मीडियाला सगळ्यात जास्त शिव्या कुठे पडत असतील, तर सोशल मीडियावर. 'या फेसबुकने माणसं तोडली' ही पोस्ट फेसबुकवरच येते, तिला दीडशे लाइक पडतात आणि लिहिणारा दर दहा मिनिटांनी डोकावून आकडा एकाने तरी हलला का ते बघून जातो. मोबाइलमुळे तरुण पिढी वाया गेली, हा व्हिडिओ ज्येष्ठ पिढी एकमेकांना मोबाइलवरूनच पाठवते, तोही दात घासायच्या आधी. यावर माझी हरकत नाही. तक्रारीला जागा लागतेच, आणि जिच्याबद्दल तक्रार तीच जागा मिळाली तर जाण्यायेण्याचा वेळ वाचतो.

माझं दुखणं निराळं आहे. शिव्या घाऊक असतात आणि माहिती किरकोळसुद्धा नसते. 'हे लोक आपला सगळा डेटा विकतात' हे वाक्य ज्याला पाठ आहे, त्याला विचारावं : कुठला डेटा, कोणाला, आणि कुठलं बटण दाबलं की थांबेल? तो तडक भांडवलशाहीवर घसरतो. भांडवलशाहीला बटण नसतं, त्यामुळे ते बरं पडतं.

२०१२पासून फिरणारी ती सुप्रसिद्ध प्रतिज्ञाच घ्या. 'मी याद्वारे जाहीर करतो की माझे फोटो व मजकूर वापरण्यास मी फेसबुकला परवानगी देत नाही.' पुढे दोन-तीन कायद्यांची भारदस्त नावं, आणि शेवटी 'शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा'. तिच्या काही आवृत्त्यांत 'रोम स्टॅट्यूट'चा हवाला असतो. रोम स्टॅट्यूट हा १९९८चा आंतरराष्ट्रीय करार आहे. वंशसंहार, युद्धगुन्हे असले खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्यातून उभं राहिलं. आपल्या सहलीच्या फोटोंची दाद तिथे मागायची म्हणजे न्यायाधीशांचीच परीक्षा. परवानगी आपण खातं उघडताना 'आय ॲग्री' दाबून देऊन बसलेलो असतो, आणि भिंतीवर काहीही चिकटवल्याने ती रद्द होत नाही. मजकूर खरोखर डिलीट केला आणि तो कंपनीच्या यंत्रणेतून पुसला गेला, की ती परवानगी संपते. हे त्याच अटींमध्ये लिहिलेलं आहे, पण अटी वाचायला तिथे गेलंय कोण!

दुसरा लाडका सिद्धान्त म्हणजे फोन आपलं बोलणं ऐकतो. 'काल नुसता सोफ्याचा विषय काढला आणि आज सोफ्याची जाहिरात!' अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रण परस्पर तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. आपण कुजबुजत बसलो आणि ते डोळ्यांनी बघत होते.

सोफ्यासाठी ऐकायची गरजही नसते. सोफ्याच्या वेबसाइटवर बहुधा 'पिक्सेल' नावाचा एक छोटा कोड बसवलेला असतो. हा ब्राउजर आला, हे पान पाहिलं, ही वस्तू टोपलीत टाकली आणि न घेता गेला, एवढी चुगली तो करतो. शिवाय दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांचे ईमेल आणि फोन नंबर सांकेतिक रूपात चढवून 'हीच माणसं शोधा' असं सांगू शकतात. हा सगळा हिशोब बघता येतो : फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', त्यात 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' (मेटा म्हणजे फेसबुकची मालक कंपनी). कोणकोणत्या ॲपनी आणि वेबसाइटनी आपली खबर दिली त्याची यादी तिथे असते. ती पुसता येते, पुढची आवकही तोडता येते. जाहिराती त्यानंतरही तेवढ्याच दिसतात, फक्त अंदाजपंचे दिसतात. आणि मायक्रोफोनचा संशय फिटतच नसेल, तर अँड्रॉइड १२पासून वर कोपऱ्यात हिरवी खूण येते, आयफोनवर आयओएस १४पासून नारिंगी ठिपका. कुठलंही ॲप माइक उघडेल तेव्हा तो पेटतो. पण ठिपक्यात गूढ काही नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणी फॉरवर्ड लिहीत नाही.

फॉरवर्डवरून व्हॉट्सॲप. 'व्हॉट्सॲपवर आलेल्या कशावरही विश्वास ठेवू नका' हा संदेश माथ्यावर दुहेरी बाण घेऊन येतो, तेव्हा मला हात जोडावेसे वाटतात. दुहेरी बाण म्हणजे हा मजकूर निदान पाच हात फिरून आलाय. एप्रिल २०२०पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. निष्ठावंत लोक तो एकेक करून चाळीस ठिकाणी ढकलतात. कष्टाला कंपनीचा इलाज नाही.

ग्रुपमधून सुटका हा तर स्वतंत्र शास्त्राचा विषय. पूर्वी बाहेर पडलं की 'अमुक लेफ्ट' अशी दवंडी पिटली जायची. २०२२पासून फक्त ॲडमिनला कळतं. म्हणून हुरळून जाऊ नका. ग्रुपच्या माहितीत 'माजी सदस्य' अशी यादी साठ दिवस राहते आणि ती कोणालाही उघडून बघता येते. ज्यांना वेळ आहे ते बघतात. मुत्सद्दी माणूस बाहेर पडत नाही, तो ग्रुप म्यूट करतो. आठ तास, एक आठवडा आणि कायम, असे तीन पर्याय मिळतात; तिसरा डोळे मिटून निवडावा. वर आर्काइव्ह करावं. पूर्वी आर्काइव्ह केलेला ग्रुप नव्या मेसेजसरशी उसळून वर यायचा, २०२१पासून तो गाडलेला राहतो. पुढच्या ग्रुपात कोणी परस्पर कोंबू नये म्हणून सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून नेमके उत्साही लोक वगळावेत. त्यांना मग आपल्याला खाजगीत आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत आपोआप मरतं. काही न करता मरणाऱ्या गोष्टी तंत्रज्ञानात फार कमी आहेत, त्यांची कदर करावी.

निळ्या टिकांचाही असाच गैरसमज आहे. त्या बंद केल्या की आपण अदृश्य झालो, असं लोकांना वाटतं. एक तर बंद केल्यावर दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत. दुसरं, ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. पाठवणाऱ्याने स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' उघडलं की कोणी वाचलं आणि किती वाजता, ते ओळीने हजर.

आणि तो क्षण. घरच्यांविषयीचा शेरा घरच्यांच्याच ग्रुपवर गेलेला आहे. अंगठा थरथरत मेसेजवर दाबला जातो, कचऱ्याची पेटी दिसते, आणि घाईत 'डिलीट फॉर एव्हरीवन'च्या ऐवजी 'डिलीट फॉर मी' दाबलं जातं. आता तो मेसेज जगातल्या सगळ्यांना दिसतो, फक्त आपल्याला दिसत नाही. हे इतक्या लोकांकडून घडत असावं की २०२२च्या डिसेंबरात कंपनीने खाली 'अनडू' आणलं. मुदत पाच सेकंद. सर्वसाधारण माणसाची ही पाच सेकंदं 'अरे देवा' म्हणण्यात जातात. खरं तर सर्वांकडून पुसायला सुमारे अडीच दिवस मिळतात, घाई करायचं कारणच नसतं. घाई समोरच्याच्या डोळ्यांची असते.

फोनचा वेळ मोजून देणाऱ्या सोयींबद्दल थोडक्यात. २०१८मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड, दोघांनीही त्या आणल्या. आयफोनवर ठरलेली वेळ संपली की पडदा पडतो आणि पडद्यावरच 'इग्नोर लिमिट' लिहिलेलं असतं. आत आणखी उपपर्याय : एक मिनिट, पंधरा मिनिटं, आजचा दिवस. पासकोड घालून हे कडक करता येतं, पण तो दुसऱ्याने घालावा. स्वतःचा पासकोड स्वतःपासून लपवता आलेला माणूस मला अजून माहीत नाही.

आता मुख्य कार्य. ज्यांना खरोखर फेसबुक सोडायचंय त्यांनी पहिली गोष्ट समजून घ्यावी : फोनवरून ॲप उडवणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. ॲप गेलं तरी खातं तिथेच, आपल्या वाढदिवशी शुभेच्छा गोळा करत बसतं.

सुरुवात स्वतःचं सामान आवरण्यापासून. 'डाउनलोड युअर इन्फर्मेशन' (नव्या मेनूत 'एक्स्पोर्ट युअर इन्फर्मेशन') मागवा. तारखांचा पट्टा नीट पाहून 'ऑल टाइम' करा, फोटोंचा दर्जा 'हाय' ठेवा. फॉरमॅट विचारतील : एचटीएमएल (ब्राउजरमध्ये पानासारखं उघडणारं) की जेसन (यंत्रांनी वाचायचं)? जेसन हे नाव रुबाबदार वाटतं म्हणून निवडू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या संगणकी पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि फेसबुकच्या जेसन फाइलीत ते तीन बाइट तीन सुटी चिन्हं म्हणून लिहिले जातात. परिणामी आपल्या बारा वर्षांच्या मराठी काव्यसाधनेची जागा उच्चार नसलेल्या, टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांनी घेतलेली असते. काही रसिकांना फरक जाणवणार नाही, पण एचटीएमएल घ्यावं. फाइल लगेच मिळत नाही. तयार झाली की निरोप येतो, आणि काही दिवसांत न उतरवली तर पुन्हा मागवावी लागते.

मग 'ॲप्स अँड वेबसाइट्स' उघडा. 'लॉगिन विथ फेसबुक' म्हणून कुठेकुठे शिरलात त्याची ती वंशावळ. कोड्यांचा एखादा खेळ, चेहरा म्हातारा करून दाखवणारं ॲप, आणि मध्येच एखादं खरोखर कामाचं खातं. त्या कामाच्या ठिकाणी आधी वेगळा ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या, नाहीतर दारासकट किल्ली जाते. एखाद्या पेजचा पूर्ण ताबा तुमच्या एकट्याकडे असेल तर तोही दुसऱ्याला द्या. खात्याबरोबर पेजही जातं आणि मंडळाचे लोक वर्षभर बोलतात.

एवढं झालं की वाट अशी : सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन. मेनूची नावं अधूनमधून बदलतात, वाट चुकलात तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'डिलीट' टाका. खातं उघडायला नाव, नंबर आणि दोन मिनिटं पुरली होती, बाहेरचा रस्ता मात्र पाच दारांआड. शेवटच्या दारात दोन पर्याय उभे असतात. डीॲक्टिव्हेशन म्हणजे दिवे मालवून आत बसणं : प्रोफाइल दिसत नाही, मेसेंजर चालू ठेवता येतो, आणि त्याच फेसबुकच्या आधाराने दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये लॉगिन केलंत तरी दिवे पुन्हा लागतात. जायचं असेल तर डिलीशन. मग का जाताय, हे विचारतात. प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा असतो. 'फार वेळ जातो' म्हणालात तर नोटिफिकेशन कमी करा म्हणतात.

शेवटी पासवर्ड. बहुतेकांचा वैराग्याचा प्रवास इथेच संपतो. पासवर्ड आठवत नाही, कारण कित्येक वर्षांत तो टाकायची वेळच आलेली नसते. नवा करायचा तर कोड जातो जुन्या नंबरवर, नंबर गेलेला असतो. नाहीतर जुन्या ईमेलवर, आणि त्या ईमेलचाही पासवर्ड आठवत नाही. तेव्हा हे सगळं सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच नंबर, ईमेल आणि पासवर्ड ताजे करून ठेवा. कंपनीला आपण कोण ते अगदी चप्पल-साइजपर्यंत माहीत असतं, पण जायची वेळ आली की ती ओळखपत्र मागते.

बटण दाबलं की तीस दिवसांची मुदत सुरू होते. त्यात एकदा लॉगिन करून 'कॅन्सल डिलीशन' म्हटलं की सगळं पूर्ववत. तीस दिवस उलटल्यावर परत फिरता येत नाही. सगळा डेटा पुसायला सुरुवातीपासून नव्वद दिवसही लागू शकतात. तुम्ही इतरांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये राहतात ते राहतातच. म्हणून त्या तीस दिवसांसाठी ॲप काढा, जुना टॅब्लेट आणि ऑफिसचा कॉम्प्युटर इथलं लॉगिन आधीच तोडा, ब्राउजरमध्ये साठवलेला पासवर्डही पुसा.

आणि एक कळकळीची विनंती : निरोपाची पोस्ट लिहू नका. 'मित्रहो, हे आभासी जग सोडून खऱ्या जगात जातोय, ज्यांना भेटायचं त्यांच्याकडे नंबर आहे' ही पोस्ट आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त चालते. 'नका जाऊ', 'खूप धाडस लागतं', 'मीही हाच विचार करतोय' अशा प्रतिक्रिया पडायला लागतात. लोक आपल्याविषयी इतकं चांगलं बोलताहेत हे कळायला डिलीशन चालू असताना एकच मार्ग उरतो, लॉगिन. ते केलं की पोस्टच्या आधी समोर येतो तो कॅन्सलचा प्रश्न. आणि त्याला 'हो' म्हटल्याखेरीज प्रतिक्रिया दिसत नाहीत.