"चेन मागितली, सेट गळ्यात मारला" या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मोटारसायकलची फक्त चेन मागितली असताना 1,250 रुपयांचा पूर्ण सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चाकं, म्हणजे सॉकेटं) गळ्यात मारला, वीस दिवसांत चेन वाजायला लागली, मागचं चाक जाम फिरतं आणि हेल्मेट नऊ दिवसांनी परत घेतलं नाही.

चाक जाम फिरतं ही चूक आमचीच, त्याबद्दल माफी मागतो. चेन ताणायला मागचं चाक मागे सरकवलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो. म्हणून रॉडचा नट सैल करून पेडलला पुन्हा 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल द्यावी लागते. ते त्या दिवशी राहून गेलं. ब्रेकचे शू घासले असतील तर नवीन टाकून देऊ, पैसे घेणार नाही.

पण "गळ्यात मारला" हा शब्द फार लागला. जळगावात आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक एकमेकांचं ऐकून येतं, चोपड्याहून, यावलहून, धरणगावहून. ते हे वाचणार, म्हणून सगळं सांगतो.

तुमची चेन 428 नंबरची. एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 12.7 मिलिमीटर, म्हणजे नव्या चेनची 20 घरं 254 मिलिमीटर भरतात. 259 च्या वर गेली की आम्ही चेन बाद धरतो. तुमची 261 भरली. लोक म्हणतात चेन ताणली गेली, पण खरं तर आतल्या पिना आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक घर थोडं थोडं लांब होतं. सॉकेटचे दातही त्या लांबलेल्या चेनबरोबर झिजत जातात. तुमच्या गाडीला छोटं सॉकेट 14 दातांचं, मोठं 42 चं. मोठं एकदा फिरतं तेवढ्यात छोटं तीनदा फिरतं, त्यामुळे आधी मरतं ते छोटं. ते कव्हरखाली असतं, गिऱ्हाईकाला दिसत नाही. तुमच्या छोट्याचे दात एका बाजूने खाऊन वाघनखासारखे वाकले होते. अशा दातांवर नवी चेन टाकली की सगळा जोर एक-दोन दातांवर येतो, चेन दातावर चढते, लोड घेऊन उचल घेतली की कटकन सुटते, आणि नवी चेनही लवकर खराब होते.

आता पैशाचं. नुसती चेन 560 ची, सेट 1,250 चा, फरक 690. नुसती चेन टाकली असती तर काही महिन्यांत पुन्हा 560 आणि मजुरी 150, म्हणजे 710, आणि सॉकेटं जुनीच. यात आम्ही तुम्हाला लुटलं कुठे? तुम्ही गाडी टाकून बाजारात गेला होता, म्हणून फोन करून विचारलं. "करून टाका" असं तुम्हीच म्हणालात, आठवत असेल. दात समोर दाखवूनच काम करायला हवं होतं, एवढं मात्र मान्य.

वाजण्याचं कारण तुमच्याच फोटोत दिसतंय. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरांत बसते आणि थोडी सैल पडते. म्हणून 500 किलोमीटरला फुकट ॲडजस्टमेंट, असा बिलामागे शिक्का आहे. तुम्ही रोज तापी ओलांडून येता-जाता, 500 केव्हाच झाले असतील. तुम्ही आला नाहीत. शिवाय चेनवर जळकं ऑइल ओतलेलं दिसतंय. शेतरस्त्याची काळी माती त्यात कालवली गेली की ती सहाणेसारखी घासते. चेन रॉकेल आणि ब्रशने धुवा, कोरडी पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब सोडा. दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसा. हे सगळं गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करायचं. चालू इंजिनात फडकं धरलं तर सॉकेटमध्ये बोटं जातात.

आणखी एक गोष्ट, ही कृपा करून आजच बघा. फोटोत चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप उलटी आहे. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं, म्हणजे लॉक वरच्या पट्ट्यात असताना इंजिनाकडे. आम्ही तशीच बसवली होती. म्हणजे आमच्यानंतर ती चेन कुठेतरी उघडली गेली. कोणी, ते विचारत नाही. पण उघडं टोक पुढे असेल तर काही अडकून क्लिप निघू शकते, आणि धावत्या गाडीची चेन सुटून चाकात अडकली तर माणूस पडतो.

हेल्मेट आम्ही परत घेत नाही ते पैशासाठी नाही. आतला थर्माकोल एकदा मार खाऊन दबला की परत फुगत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. नऊ दिवस वापरलेलं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर कसं घालायचं? रस्त्यावर 300 ला मिळतं म्हणता, तर त्यावर आयएसआयचा शिक्का खरा आहे का तेवढं बघा. 1 जून 2021 पासून दुचाकीचं बिनशिक्क्याचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. कपाळाला टोचतं म्हणालात, तर आतली गादी बदलून बघू. नवीन हेल्मेट गालांना घट्टच लागायला हवं, पण कपाळावर एकाच जागी दुखत असेल तर गादी किंवा साइज चुकलंय. यापुढे दुकानात दहा मिनिटं घालून बसायला सांगू, आणि कामाच्या आधी दाखवायचंही बघतो.

सोमवार ते शनिवार कधीही या, ब्रेक, चेन आणि क्लिप तिन्ही बघून देतो. तुमचा जुना सेट पिशवीत घालून, बिल नंबर लिहून काउंटरखाली ठेवलाय. ते दात एकदा हातात घेऊन बघा, मग रिव्ह्यू तसाच ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.