डेस्पासितो हिट झालं म्हणून लॅटिन कलाकारांचे प्रश्न संपत नाहीत

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय आणि गाणं चांगलं कळणारी माणसंही तो पुढे ढकलतायत. त्यात म्हटलंय की अमेरिकेत लॅटिन कलाकारांना डावललं जातं हे जुनं रडगाणं झालं, 2017 ला डेस्पासितो हे स्पॅनिश गाणं आलं आणि दारं उघडली, स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या बॅड बनीला तर थेट सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा, स्टेज मिळाला, आता बिनधास्त आपल्या भाषेत गा, दम असेल तर वर याल, आणि संशोधकांनी स्थलांतरितांच्या मुलाबाळांच्या मुलाखती घेत बसण्यापेक्षा सरळ चार्ट, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या, बघावेत. मला यातलं जवळपास प्रत्येक वाक्य खटकतं, म्हणून एकेक घेतो.

आधी ते 2017. लिडिया मेंडोझा 1916 साली टेक्ससमधल्या ह्यूस्टनला जन्मली, घरचे मूळ मेक्सिकोचे, सगळं कुटुंब सॅन अँटोनिओच्या बाजारचौकात गाऊन पोट भरायचं, आणि 1934 ला ब्लूबर्ड या रेकॉर्ड कंपनीने तिचं 'माल ओम्ब्रे' हे गाणं काढलं तेव्हा ती विशीतही नव्हती. न्यूयॉर्कमध्ये 1940 ला माचितोचा बँड उभा राहिला, त्यात मारियो बाउसाने क्यूबाचा ठेका आणि जॅझ एकत्र आणला. वादक टिटो पुएंते न्यूयॉर्कच्या हार्लेमचाच, जन्म 1923 चा, आईवडील पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरचे, 'ओये कोमो वा' हे त्याचं गाणं पण बहुतेकांना ते 1970 च्या सान्ताना या रॉक बँडच्या रेकॉर्डमुळे माहीत. मग 1964 ला साल्सा संगीताची कंपनी फानिया रेकॉर्ड्स, 1973 ला त्यांचा न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधला शो. म्हणजे ही माणसं बाहेर ताटकळत उभी नव्हती, आत बसून वाजवतच होती, पण अमेरिकेतली संगीताची मोठी बक्षिसं देणाऱ्या ग्रॅमीवाल्यांनी बेस्ट लॅटिन रेकॉर्डिंगचं पहिलं बक्षीस दिलं ते 1976 च्या सोहळ्यात, पियानोवादक एडी पाल्मिएरीला. ग्रॅमी सुरू 1959 ला झालेत हे लक्षात घ्या.

आता "आपल्या भाषेत गा". हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण इथे बोलणाऱ्याने धरूनच चाललंय की आडनाव स्पॅनिश म्हणजे भाषा स्पॅनिश. रॉक अँड रोल गायक रिची व्हॅलेन्स घ्या. खरं नाव रिचर्ड व्हॅलेन्झुएला, लॉस एंजेलिसमधल्या पकोइमाचा पोरगा, घरात इंग्लिश बोलतच वाढलेला. डेल-फाय या रेकॉर्ड कंपनीच्या बॉब कीनने आडनाव कापून व्हॅलेन्स केलं, कारण मेक्सिकन वाटलं तर रेडिओवाले वाजवणार नाहीत ही भीती. त्याच पोराने 1958 मध्ये मेक्सिकोतल्या वेराक्रूझचं स्पॅनिश लोकगीत 'ला बाम्बा' रॉक अँड रोलमध्ये बसवलं, त्यातले शब्द त्याला ऐकून ऐकून पाठ करावे लागले, आणि कंपनीने ते त्याच्या 'डॉना' या इंग्लिश गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. फेब्रुवारी 1959 मध्ये विमान पडून तो गेला तेव्हा फक्त 17 वर्षांचा होता. त्याला "आपल्या भाषेत गा" म्हणून सांगितलं असतं तर त्याने नेमकं कुठल्या भाषेत गायचं?

गायिका सेलेनाचंही तेच. टेक्ससमध्ये मेक्सिकन अमेरिकन घरात वाढलेली, पहिली भाषा इंग्लिश, तेहानो, म्हणजे टेक्ससच्या मेक्सिकन अमेरिकन संगीताच्या, मार्केटमध्ये स्पॅनिशशिवाय भागत नाही म्हणून वडिलांनी स्पॅनिशमध्ये गायला लावलं, सुरुवातीला तीही उच्चार घोकूनच गायची. वडिलांनी स्वतः तरुणपणी लोस दिनोस नावाच्या बँडमध्ये हे भोगलेलं होतं, गोरे म्हणायचे तुम्ही मेक्सिकन, आणि मेक्सिकन अमेरिकन पब्लिक म्हणायचं ही इंग्लिश गाणी कशाला. मेक्सिकोत गेल्यावर सेलेनाच्या स्पॅनिशकडे बोट, अमेरिकेच्या मेनस्ट्रीममध्ये इंग्लिश अल्बमची वाट बघणं, आणि तो 'ड्रीमिंग ऑफ यू' जुलै 1995 ला आला, पहिल्याच आठवड्यात बिलबोर्ड 200 या अमेरिकेच्या अल्बम चार्टवर नंबर एक, पण ती मार्चमध्येच मारली गेली होती. दोन्हीकडून "तू आमची पूर्ण नाहीस" हे ऐकत करिअर करणं म्हणजे काय, हे चार्टवरच्या नंबर एकमधून कसं कळणार?

तिसरा मुद्दा, डेस्पासितो आणि बॅड बनी हा पुरावा. डेस्पासितो गाणारे लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी, आणि बॅड बनी, तिघंही पोर्तो रिकोचे, आणि पोर्तो रिकोची माणसं 1917 पासून अमेरिकेची नागरिक आहेत, म्हणजे कायद्याने ती स्थलांतरित नाहीतच. तरी त्यांना परकं समजतात, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. पोर्तो रिकोतल्या लारेसमध्ये जन्मलेल्या गायक होसे फेलिसियानोने 1968 ला डेट्रॉइटमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या मॅचआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत स्वतःच्या ढंगात गायलं तर केवढा गदारोळ झाला, कित्येक रेडिओ स्टेशन्सनी त्याची गाणी लावणंच थांबवलं. सप्टेंबर 2025 मध्ये सुपर बोलसाठी बॅड बनीचं नाव जाहीर झालं तेव्हाही पहिली बोंब हीच, की हा इंग्लिशमध्ये गात नाही. आणि डेस्पासितो 16 आठवडे नंबर एकवर राहिलं हे खरंच, पण तिथे ते पोचलं इंग्लिश पॉप गायक जस्टिन बीबरचा रिमिक्स आल्यावर, आणि तो बीबर न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये शब्द विसरून ब्ला ब्ला करत गायला. व्हॅलेन्सने आणि सेलेनाने एकेक शब्द घोकला होता हो. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत गाण्याला तीन नॉमिनेशन्स मिळाली, बक्षीस एकही नाही.

चौथं, "लॅटिन" हा डबा. इंडस्ट्रीला लॅटिन म्हणजे मुख्यतः भाषा, त्यामुळे स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळची गायिका रोसालिया आणि कॅलिफोर्नियातल्या पॅटरसन गावची एस्लाबोन आर्मादो या बँडची पोरं एकाच खान्यात. रोसालिया चांगलीच गाते, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण लॅटिनचे आकडे वाढले म्हणजे अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन किंवा डोमिनिकन घरातल्या मुलांचं बरं चाललंय हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि यातलाच कुणी इंग्लिशमध्ये इंडी रॉक करत असेल तर तो त्या आकड्यात धरलाच जात नाही.

डबा कधी काढून घेतील याचाही भरवसा नाही. 2011 ला ग्रॅमीने कॅटेगरी 109 वरून 78 वर आणल्या त्यात लॅटिन जॅझ गेलं. ब्रॉन्क्सचा ड्रमर बॉबी सनाब्रिया, आईवडील पोर्तो रिकोचे, त्याने सहकाऱ्यांना घेऊन आवाज उठवला, प्रकरण कोर्टापर्यंत नेलं, तेव्हा कुठे 2012 मध्ये ती कॅटेगरी परत आणल्याचं जाहीर झालं.

राहिला शेवटचा मुद्दा, मुलाखती कशाला. पेद्रो जे. गोन्झालेस 1930 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या रेडिओवर पहाटे स्पॅनिश कार्यक्रम करायचा, कामाला निघालेले मजूर ऐकायचे, आणि त्या काळात मेक्सिकन माणसांना पकडून पकडून सीमेपार पाठवणं चालू होतं, त्यावर तो बोलायचा. 1934 मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली, साक्ष देणारीने नंतर साक्ष फिरवली तरी तो सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात राहिला आणि 1940 ला सुटला तो हद्दपार होऊनच. हे कुठल्या चार्टवर सापडणार? हे टिकलं ते त्याच्याशी लोक बोलले म्हणून. क्रिस स्ट्राखविट्झने, जो स्वतः जर्मनीतून आलेला होता, आयुष्यभर जुन्या मेक्सिकन अमेरिकन रेकॉर्ड्स गोळा केल्या आणि वाजवणाऱ्यांना शोधून त्यांना बोलतं केलं, तो संग्रह आज लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या साइटवर आहे. मुंबईच्या स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या, बांधणाऱ्या गोव्याच्या वादकांचंही असंच, टायटल्समध्ये नाव नाही, जे काही कळलं ते म्हाताऱ्या वादकांच्या तोंडून.

आणि हे जुन्या काळाचं म्हणून सोडू नका. बॅड बनीने 2025 मध्ये टूर जाहीर केली तर त्यात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं एकही शहर नव्हतं, आणि त्याने स्वतः सांगितलं की शोच्या बाहेर इमिग्रेशनवाले येऊन उभे राहतील ही काळजी त्यामागे होती. एवढा मोठा स्टार असा विचार करतो तर स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या वस्तूंच्या खुल्या बाजारात, नाहीतर किन्सेआन्येराच्या, म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या, पार्टीत वाजवणारा, घरात कुणाची तरी कागदपत्रं नसलेला अकॉर्डियनवाला काय विचार करत असेल, कुठली गिग सोडत असेल, कुठल्या स्टेटमध्ये जायचं टाळत असेल? हे त्याच्यासमोर बसून, त्याला हव्या त्या भाषेत, नाव न छापण्याचं वचन देऊन विचारावं लागतं, आणि जी माणसं ते करतायत त्यांना चार्ट बघा म्हणून सांगू नका.