रात्री तीनला डॉक्टरांना फोन कुणी करायचा?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात आणि वेतनातल्या त्रुटींसाठी संपावर गेल्या, तेव्हा आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. ‘पेशंटला वाऱ्यावर सोडून संप कसला करता?’ असं एका काकांनी लिहिलं. मी दोन ओळी संपाच्या बाजूनं लिहिल्या, तर चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?’ तेव्हा गप्प बसले. पण तो प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी सांगलीची. मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, तिकडच्याच खासगी दवाखान्यांत सहा वर्षं ड्युट्या केल्या आणि आता बरीच वर्षं ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला, हृदयरोगाच्या वॉर्डात आहे. दोन्हीकडच्या रात्री पाहिल्यात. आधी इकडची एक रात्र सांगते.

सत्तरीचे एक गृहस्थ. तीन आठवड्यांपूर्वी स्टेंट बसलेला, त्यामुळे रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू, शिवाय बिसोप्रोलॉल. रात्री दहाला त्यांची पल्स ६४ होती, दोनला ८२. पावणेतीनला पाहिलं तर ९४, श्वास मिनिटाला २२, वरचं बीपी १०८. इथं ‘न्यूज टू’ नावाची गुणांची पद्धत आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला गुण द्यायचे, ऑक्सिजन लावला असेल तर त्याचे दोन वेगळे. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीनं येऊन बघायचं, सात झाली की धावत यायचं. यांचे चारच भरत होते. म्हणजे कागदानुसार घाई नव्हती.

तेवढ्यात त्यांना संडासला लागली. कमोड ओढून घेतला, ते उठताना घामाघूम झाले, आणि पडदा सरकवताच वास आला. ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला परत सांगावं लागत नाही. भांड्यात डांबरासारखी काळी, चिकट शौच. पोटात वर कुठंतरी रक्तस्राव होतोय आणि ते रक्त पचून खाली येतंय, असा त्याचा अर्थ. आणि बिसोप्रोलॉल पल्सला वर चढू देत नाही. त्यामुळे या माणसाची ९४ ही दुसऱ्या कुणाच्या बरीच वाढलेल्या पल्ससारखी धरायची. मी फोन उचलला. ‘गुण चारच आहेत, पण मला हे बरं दिसत नाही’ एवढं म्हणाले. डॉक्टर दहा मिनिटांत आले. दोन जाड सुया लागल्या, रक्त द्यावं लागलं तर कुठलं जुळेल हे बघायला नमुना क्रॉसमॅचला गेला. मी विचारलं, सकाळचं क्लोपिडोग्रेल द्यायचं की थांबवायचं? दिलं तर रक्तस्राव वाढायची भीती, थांबवलं तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायची. पहाटे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ते ठरवलं. एंडोस्कोपीत जठराचा अल्सर निघाला. आठवड्याभरात गृहस्थ चालत घरी गेले.

यात माझी हुशारी फारशी नाही. पल्स, श्वास, काळी शौच हे सगळं मी मिरजेतच शिकले, आमच्या ट्यूटर बाईंनी घोटून घेतलेलं. फरक इतकाच की इथं ‘मला हे बरं दिसत नाही’ या माझ्या वाक्याला वजन आहे. नर्सला काळजी वाटते, एवढं कारण डॉक्टरांना बोलवायला पुरतं. रात्री तीनला फोन केला म्हणून कुणी आवाज चढवत नाही.

आता दुसरी रात्र. काही वर्षांपूर्वी अण्णांना, माझ्या वडिलांना, दम लागला म्हणून तिकडच्या एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. हृदय अशक्त, पाय सुजलेले. मी रजा काढून गेले आणि रात्री त्यांच्या उशाशी बसले. वॉर्डात तीसेक पेशंट आणि एक सिस्टर, मदतीला एक मावशी. अण्णांचा चार्ट उचलून पाहिला. पल्स ८०, बीपी १२०/८०. शेजारच्या कॉटचा पाहिला, तोच आकडा. पलीकडे तोच. लघवी किती झाली ते मोजलेलं नव्हतं, वजन दाखल झाल्यापासून घेतलं नव्हतं. वॉर्डात वजनकाटाच नव्हता.

अण्णांना आडवं होता येईना. मी सिस्टरला म्हटलं, डॉक्टरांना फोन करूया, लॅसिक्सचा, लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या औषधाचा, डोस लागेल. ती पोरगी बावीस-तेवीस वर्षांची. दाराकडे बघत हळूच म्हणाली, ‘ताई, मला कळतंय हो. पण रात्री फोन केला की सर ओरडतात. मागच्या महिन्यात पगार कापला माझा.’ शेवटी फोन मी केला, पेशंटची मुलगी म्हणून. नर्स म्हणून तिला जे करता येत नव्हतं, ते नातेवाईक म्हणून मला करता आलं. सकाळपर्यंत अण्णांना दीड लिटर लघवी झाली आणि ते पडून झोपले. ती पोरगी मात्र ड्युटी संपेपर्यंत माझ्याशी नजर मिळवत नव्हती.

खोटा चार्ट भरणं गुन्हाच आहे, मी त्याचं समर्थन करणार नाही. पण तीस जणांचं बीपी, तीस सलाईन, वेळेची इंजेक्शनं आणि दोन नवे पेशंट एका बाईनं कसे करावेत, हे मला कुणीतरी मांडून दाखवावं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातसुद्धा किमान वीस हजार पगार सुचवला. कागदावर आपण कुठंच कमी नाही. आणि हातही कमी नाहीत. मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागला बेचाळीस वर्षं सांभाळलं, अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. ही शुश्रूषा आपल्याच मातीतली आहे.

म्हणून कंत्राटी भरतीचा प्रश्न मला पगारापेक्षाही मोठा वाटतो. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी कुणाला रात्री तीनला उठवेल? जिची नोकरी उद्या जाऊ शकते तिच्या तोंडून ‘मला हे बरं दिसत नाही’ निघणार नाही. काकांना माझं म्हणणं एवढंच आहे: पेशंट वाऱ्यावर पडतो तो संपाच्या दिवशीच असं नाही, एरवीच्या रात्रीही पडलेला असतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

इथं सगळं सुरळीत आहे असं मात्र कुणी समजू नये. १५ डिसेंबर २०२२ ला इथल्या नर्सेसही संपावर गेल्या. थंडीत फलक धरून रस्त्यावर उभ्या राहिलेल्यांत मीही होते, आणि जिवावरच्या उपचारांसाठी माणसं आत ठेवली होती. वेल्सनं २०१६ मध्ये नर्सेसच्या संख्येचा कायदा केला. त्यात ठरावीक आकडा नाही. मोठ्यांच्या मेडिकल-सर्जिकल आणि मुलांच्या वॉर्डांत रुग्ण किती आजारी आहेत हे बघून संख्या काढायची आणि ती रुग्णांना कळेल अशी जाहीर करायची. आमच्या वॉर्डाच्या दारावर तो फलक आहे. काही रात्री त्यावर पाच असतात आणि आम्ही चौघीच असतो. पण तफावत फलकावर दिसते, तिचा जाब विचारता येतो. तातडीच्या विभागात कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर तासन् तास पडलेली म्हातारी माणसंही मी पाहते, आणि तेव्हा मिरजेची आठवण येते. तिथं कॉटशेजारी चटई टाकून झोपलेलं कुणीतरी असतं. पेशंट काल काय जेवला, शेवटचं कधी हसला, हे त्याला माहीत असतं. इथं ते सांगणारं माणूस मला कित्येकदा मिळत नाही.

त्या नातेवाईकाला आपण बेडपॅन उचलायला आणि मेडिकलमधून औषधं आणायला पिटाळतो. त्याला नर्सनं दहा मिनिटं बसवून शिकवलं तर केवढं काम होईल! पण शिकवायला तिला ती दहा मिनिटं हवीत.

अण्णांना घरी सोडलं त्या दिवशी मी वजनकाटा आणि शंभर पानी वही घेतली. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, तेच कपडे घालून काट्यावर उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं, कारण ते वजन पाण्याचं असतं, आणि खारट खाल्लं की ते पाणी साठतं. अण्णा अजून रोज काट्याचा फोटो पाठवतात. मागच्या दिवाळीत फोटो आला, ६१.४ वरून ६३.६. मी लगेच फोन लावला.

‘अण्णा, काय खाल्लं?’

‘काही नाही गं.’

‘अण्णा.’

‘लोणचं थोडं. आणि पापड. पण डॉक्टरांना मी सकाळीच दाखवून आलोय, गोळी वाढवलीय त्यांनी. तुला फक्त कळवलं.’