एका गुंड्याला पाच हात

ठाण्यात लोकर विणणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते मला आता पाठ झालंय. आधी सुयांकडे, मग वर गरगरणाऱ्या पंख्याकडे, मग माझ्या कपाळावरच्या घामाकडे. "कोणासाठी?" हा प्रश्न त्यानंतर येतो. मी मात्र शाळेपासून विणतेय. नोकरीची एकतीस वर्षं तर लेडीज डब्यात विणण्यातच गेली. देशातली पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर धावली म्हणतात. माझ्याकडे त्या ३४ किलोमीटरचा हिशोब ओळींत आहे. घाटकोपरपर्यंत बॉर्डर, दादरला गर्दी उतरली की मुंढ्याचे टाके घटवायचे, आणि मशीद आलं की सुया पिशवीत. गाडी लेट झाली की सगळा डबा हळहळायचा, माझ्या दोन ओळी जास्त व्हायच्या.

एवढं विणल्याचं काहीतरी मनगटात साठलं असणार, असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, एकट्या सुयांवर खापर फोडू नका. थायरॉइड आहे, वय आहे, आणि बायकांना हे जास्त होतंच. "हे" म्हणजे रात्री तीन वाजता उजवा हात बधिर होऊन जाग येणं. मग उठून थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, की मुंग्या येत येत तो परत आपला व्हायचा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यांचाच संप. करंगळी ठणठणीत. एकत्र कुटुंबात वेगळी चूल मांडलेली धाकटी जाऊ असते ना, तशी.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मनगटात आठ छोट्या हाडांची कमान, वरून एक जाड पट्टी, आणि या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. जागा मोजकीच. आत सूज आली की बिचारी नस चेंगरते. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले. बोगदा म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे पारसिकच की! डॉक्टर, १९१६ सालचा बोगदा आहे तो. सव्वा किलोमीटरच्या वर लांब."

"यावर उपाय म्हणजे वरची पट्टी कापायची. नस मोकळी होते," डॉक्टर म्हणाले.

"छप्पर कापलं तर बोगदा बसणार नाही?"

डॉक्टर क्षणभर थांबले. बहुधा असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला असावा. "नाही बसणार," ते म्हणाले आणि तारीख लिहून दिली.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. फक्त हात बधिर केला होता, मी जागी होते, आणि माझं मनगट उघडं असताना पडद्यापलीकडे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर चर्चा चालली होती. वीस मिनिटांत संपलं. बोटं हलवत राहा, हात उंच ठेवा, मनगटावर जोर नको. "आणि विणकाम?" मी विचारलं. "सहा आठवडे विसरा," डॉक्टर म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं की घरी कपाटात चार लडी येऊन पडल्यात.

लेक एडमंटनला असते. जानेवारीत बाळंत व्हायची होती, आणि तिकडे जानेवारीत उणे तीसपर्यंत पारा उतरू शकतो. तिने एका ओळखीच्या मुलीबरोबर लोकर पाठवली होती. हाताने रंगवलेली मेरिनो, शंभर-शंभर ग्रॅमच्या चार लडी, एकेका लडीत चारशे मीटर. रंग असा की कच्च्या कैरीपासून सुरू होतो आणि कधी पिकतो ते कळत नाही. कॅनडाची लोकर ठाण्यात येणार, तिचा स्वेटर आणि कुंची होणार आणि ते परत कॅनडाला जाणार. आमच्या दोघांपेक्षा त्या लोकरीचा प्रवास जास्त.

आता इथे थोडं थांबून लड म्हणजे काय ते सांगायला हवं. जांभळी नाक्याला जी लोकर मिळते ती बहुतेक तयार गुंड्याची. घरी आणली की टाके घालायला मोकळे. हाताने रंगवलेली लोकर मात्र लडीतच येते, कारण लड सैल असली तरच रंग आतपर्यंत जातो. मग तिला पीळ देऊन करंजीच्या मुरडीसारखी वळवून ठेवतात. पीळ उलगडला की एक मोठं वेटोळं हातात येतं. त्याला तीन-चार ठिकाणी दोऱ्याचे छोटे बंध असतात. ते बंध म्हणजे त्या लडीची अब्रू. वेटोळं कोणाच्या तरी दोन हातांवर नीट ताठ बसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मग बंध सोडायचे, टोक शोधायचं आणि गुंडा करायचा. हे माझ्या आईने मला आठव्या वर्षी सांगितलं, आणि मी यांना त्रेचाळीस वर्षांच्या संसारात कधीच सांगितलं नाही, कारण तशी वेळच आली नाही. यांचे हात मागण्याऐवजी मी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायची. खुर्च्यांना मध्येच चहा लागत नाही.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी दुपारी मला जरा डोळा लागला. उठून बघते तर डायनिंग टेबलावर हे, कात्री आणि समाधान.

"तुझं निम्मं काम करून ठेवलंय. दोरे कापले सगळे."

टेबलावर जे पसरलं होतं त्याला लड म्हणवेना. वाळत घातलेल्या शेवयांवर मांजर लोळून गेलं की होतं तसं काहीतरी होतं. एक टोक यांच्या हातात होतं आणि ते ओढत होते. जितकं ओढावं तितकी गाठ लहान आणि घट्ट. मी ओरडायला तोंड उघडलं आणि सवयीने उजवा हात पुढे केला. मग जे ओरडले ते वेगळ्या कारणासाठी.

माझी खरी पंचाईत इथे सुरू झाली. हात दुखतो ते सोसता येतं. "आण इकडे, मी करते" हे वाक्य घशात अडकतं, ते सोसवत नाही. जन्मभर माझं सगळं या वाक्यावर चाललंय. पोळी लाटताना, बिलं भरताना, समोरच्या वहिनींची नऊवारी नेसवताना. आता मी फक्त बघायचं, आणि तेही हात उंच धरून. घरात कोणालाही मी सतत काहीतरी विचारायला हात वर केलाय असं वाटायचं.

पहिली लड आम्ही शेवया म्हणून ताटात काढून ठेवली. दुसरीला मी जातीने उभी राहिले. यांच्या दोन हातांवर वेटोळं चढवलं. बंध समोरच्या वहिनींच्या सातवीतल्या मुलाने सोडले. गुंडा करताना एक बारकी गोष्ट असते. डाव्या हाताची दोन बोटं गुंड्यावर आडवी ठेवायची आणि लोकर त्यांच्यावरून गुंडाळायची, आठ-दहा फेरे झाले की बोटं काढून घ्यायची आणि गुंडा जरा फिरवून परत ठेवायची. बोटांच्या जाडीइतकी हवा आत राहते. तसं केलं नाही तर लोकर ताणून बसते, विणताना कळत नाही, आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आक्रसतो. माझा डावा हात शाबूत होता, पण गुंडाळणारा उजवा गळ्यात. तेव्हा बोटं माझी, गुंडाळणारा तो मुलगा, आणि लड धरणारे हे. एका गुंड्याला पाच हात. पूर्वी हेच मी दोन खुर्च्यांवर भाजी शिजेपर्यंत उरकत असे.

"काका, डावा हात खाली. आता उजवा. काका, ताल!"

"मी सिग्नल आहे का रे?" हे म्हणाले, पण हात मात्र हलवत होते.

निम्मा गुंडा झाला आणि बेल वाजली. गॅसवाला. सिलिंडर घ्यायचा तर कोड हवा, कोड यांच्या मोबाइलवर, मोबाइल यांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि यांचे दोन्ही हात एडमंटनच्या ताब्यात. मुलाने लोकर तशीच धरून दार उघडलं. दारात गॅसवाल्याला काय दिसलं असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात आणून पाहिलंय: हात बांधलेला म्हातारा, हात गळ्यात अडकवलेली म्हातारी, आणि त्या दोघांना दोरीने धरून उभा असलेला सातवीतला मुलगा. त्याने सिलिंडर हळूच खाली ठेवला.

"काका, सगळं ठीक आहे ना?"

"खिशात हात घाल," हे म्हणाले.

तो मागे सरकला. शेवटी मी डाव्या हाताने मोबाइल काढला, कोड वाचून दाखवला. जाता जाता त्याची नजर टेबलावरच्या ताटाकडे गेली. शेवयांकडे.

"ओढली का कोणी?"

कोणी बोललं नाही.

"आमच्याकडे मेंढरं होती. आजी सूत काढायची घोंगडीला. ओढायचं नाही, काका. सगळं सैल करत जायचं बाहेरून. टोक आपोआप येतं." त्याने दोन बोटांनी तो गुंता जरा फुलवून दाखवला, जसा भात मोकळा करतात, आणि निघाला. खाली अजून पंधरा सिलिंडर होते आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. (बिल्डिंग गेली नऊ वर्षं रिडेव्हलपमेंटला जायची आहे, त्यामुळे लिफ्टवर खर्च करायचा नाही असं ठरलंय.)

हे बराच वेळ दाराकडे बघत राहिले. "बघ. ओढायचं नाही. सैल करायचं. किती साधी गोष्ट, पण कोणी सांगितली तर ना!"

मी पाच दिवस तेच सांगत होते. ऑपरेशन मनगटाचं होतं, जिभेचं नाही, याचा मला तेव्हा पहिल्यांदा आधार वाटला. पण तेवढ्यात टाके ठणकले आणि मी गप्प बसले.

पुढचे अकरा दिवस हे रोज दुपारी ते ताट मांडीवर घेऊन बसले. भुईमुगाच्या शेंगा सोलाव्यात तसं. तेवढ्यात माझे टाके निघाले. गुंता सुटला, गुंडाही झाला. फक्त तो यांनी एकट्याने केला, बोटंबिटं न घालता, जीव लावून, घट्ट. लाल नव्हता म्हणून, नाहीतर थेट सेंट्रल मैदानावर नेऊन नवा चेंडू म्हणून खपला असता.

तिसऱ्या लडीच्या वेळी लेकीला दया आली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, तुम्ही सरळ एक अंब्रेला स्विफ्ट घ्या ना."

"स्विफ्ट? आता या वयात गाडी कशाला?" हे म्हणाले. "आणि नौपाड्यात लावणार कुठे?"

स्विफ्ट म्हणजे लाकडी फिरती चौकट. छत्रीसारखी उघडते, तिच्यावर लड चढवायची आणि टोक ओढलं की ती आपोआप फिरते. माणूस लागत नाही. ऑनलाइन किंमत बघून यांनी मोबाइल उलटा ठेवला. मग उठले आणि माळ्यावर नुकतीच चढवलेली काळी छत्री काढली. छत्री उघडून उलटी धरली, मूठ वरच्या बाजूला घेऊन कपडे वाळत घालायच्या दांडीला सुतळीने टांगली आणि काड्यांच्या टोकांवर लड चढवली. खरं सांगते, फिरली. आठ-दहा फेरे अगदी देवळातल्या प्रदक्षिणेसारखी फिरली. मग पावसाळ्यात गंजलेली एक काडी निसटली, लड तिरकी झाली आणि यांना सवयीने छत्री मिटावीशी वाटली.

तो प्रसंग मी लांबवत नाही. तिसऱ्या लडीचंही ताट झालं.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने तोवर मला मूठ वळायला लावलं होतं. मऊ चेंडू घ्या, दाबा, पाच मोजा, सोडा. मऊ चेंडू घरात नव्हता. मी यांचा पहिला गुंडा नेला. तिने दाबून पाहिला आणि म्हणाली, "काकू, हा तीन महिन्यांनंतरचा."

सातव्या आठवड्यात दहा मिनिटं विणायची परवानगी मिळाली. दहा नंबरच्या सुया काढल्या. पहिले टाके घातले तेव्हा तर्जनीला लोकर जाणवली. जरा खरखरीत, जरा गरम. किती महिन्यांनी, ते आता आठवत नाही. नुसतंच एक सुलट, एक उलट, आणि दहा मिनिटं संपली. चार ओळी. म्हणजे मुलुंडसुद्धा आलं नाही.

चौथी लड राहिली होती. त्या दिवशी हे फिरायला गेलेत असं बघून मी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. पीळ उलगडला. तेवढ्यात किल्ली वाजली. तलावपाळीची एक फेरी कमी करून आलेले. काही न बोलता त्यांनी एक खुर्ची बाजूला सारली, दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

मी लड चढवली, बंध सोडले आणि गुंडाळायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. ताल आता त्यांना आलाय. पाचेक मिनिटं झाली असतील. ते गुंड्याकडे टक लावून बघत होते.

"अगं, घट्ट होतंय," ते म्हणाले. "ताणू नकोस. गॅसवाल्याने काय सांगितलंय?"