शंकू उघडतो म्हणून डोंगर पेटवायचा?

'वणवा हा जंगलाचा शत्रू नाही, डॉक्टर आहे' असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मावशीने तो पाठवला आणि खाली विचारलं, "म्हणजे येऊरचा डोंगर पेटला की आपण उगाच हळहळतो का रे?" तिच्या ग्रुपातले लोक दर पावसाळ्यात डोंगरावर रोपं लावतात. त्यांच्यातल्याच एकाने हे वाचून 'मग यंदा जाळरेषेच्या (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) श्रमदानाला कशाला जायचं' असं लिहिलंय. म्हणून हे उत्तर.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. पाइनचे शंकू, म्हणजे बी धरून ठेवणारी खवल्यांची लाकडी बोंडं, फक्त आगीनेच उघडतात. कॅनडाची जंगलं हजारो वर्षं जळतायत आणि जशीच्या तशी उगवतायत, तेव्हा हवामानबदलाची ओरड खोटी. राखेने जमीन सुपीक होते. सबब आपले डोंगरही मे महिन्यात जळू द्यावेत आणि पावसाळ्यात वर सीडबॉल (मातीत बी घालून वळलेले गोळे) टाकावेत.

शंकूंचं अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. उत्तर अमेरिकेतल्या जॅक पाइन आणि लॉजपोल पाइनच्या बऱ्याच शंकूंचे खवले राळेने चिकटलेले असतात. साधारण ५० अंशांच्या आसपास राळ मऊ होते, खवले सुटतात आणि ज्वाळा पुढे सरकल्यावर बी राखेवर पडतं. शंकू जाड, लाकडी असतो आणि शेंड्यावरची आग एका जागी फार वेळ थांबत नाही, म्हणून आतलं बी वाचतं. पण 'फक्त आगीनेच' कुठून आलं? लॉजपोलच्या कितीतरी झाडांचे शंकू आगीशिवाय उघडतात. जॅक पाइनचे काही शंकू कडक उन्हानेही उघडतात. व्हाइट स्प्रूस आणि बाल्सम फर यांचं बी तर हंगाम संपता संपता गळून जातं, वर साठाच उरत नाही. त्यांचं रान जळलं की कडेच्या वाचलेल्या झाडांवरून वाऱ्याने येईल त्या बियांवर भिस्त. सैबेरियातल्या लार्चची तऱ्हा आणखी निराळी. साल जाड, खालच्या फांद्या झडलेल्या, त्यामुळे जमिनीवरून सरपटणारी आग बुंध्यापाशी येते आणि निघून जाते.

आता 'जशीच्या तशी उगवतात'. हे वाक्य लिहिणाऱ्याने ब्लॅक स्प्रूसचं नावही ऐकलेलं नसावं, आणि उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड जंगलपट्ट्यातलं एक मुख्य झाड तेच.

ब्लॅक स्प्रूस आपले शंकू शेंड्याशी झुबक्याने धरून ठेवतो. ते अर्धवट बंद असतात. आगीनंतर पुढची काही वर्षं त्यातून बी थोडं थोडं झडत राहतं. हा साठा भरवशाचा व्हायला तीस-चाळीस वर्षं तरी लागतात. त्याआधी दुसरी आग आली, तर जळायला झाड आहे आणि पेरायला बी नाही. कालव्याच्या पाण्यासारखंच हे. आवर्तन ठरल्या वेळी आलं तर पीक उभं राहतं, अवेळी सोडलं तर तेच पाणी रोपं कुजवतं. तिथल्या आगीचं आवर्तन साधारण ५० ते २०० वर्षांचं, आणि झाडाचं सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं.

दुसरी अडचण जमिनीत. ब्लॅक स्प्रूसच्या खाली शेवाळ आणि अर्धवट कुजलेला पाला यांचा वीतभर, कधी त्याहूनही जाड थर असतो. थर ओलसर असला तर आग वरची काही बोटं जळून जाते. उरलेल्या थरावर ॲस्पेन आणि बर्चचं धुळीसारखं बारीक बी टिकत नाही, कारण मूळ ओलाव्यापर्यंत पोचायच्या आत वरचा थर वाळतो. ब्लॅक स्प्रूस मात्र तिथे कसाबसा तग धरतो. उन्हाळा लांबला, थर खोलवर वाळला, की आग खालच्या मातीपर्यंत उतरते. मग उघड्या मातीवर पानझडी झाडांचं फावतं आणि पुढच्या काही दशकांचं जंगल वेगळंच होतं. हवामान झाडांची जात बदलतं ते असं, थराच्या ओलाव्यातून.

ही कल्पना नव्हे, मोजणी आहे. 'पीएनएएस' या नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासात १९८९ ते २०१४ मधल्या ५८ आगी आणि उत्तर अमेरिकेतल्या १,५३८ जागा तपासल्या आहेत. ६२ टक्के आगींनंतर ब्लॅक स्प्रूस सावरला. पण त्याच्या १,१४० जागांपैकी १८ टक्के जागी त्याची नवी पिढी उगवलीच नाही. जॅक पाइनची रानं मात्र एकदाही फसली नाहीत, हे फॉरवर्डवाल्याच्या खात्यात जमा करतो. पण लगेच लॉजपोलवर नेऊन लावू नका. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली जळालेल्या जागी लॉजपोल दाट उगवला होता. त्यातलाच काही भाग २०१६ मध्ये, म्हणजे अवघ्या २८ वर्षांत, पुन्हा जळला आणि तिथे रोपांची दाटी सहाव्या हिश्श्यावर आली. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. एवढ्या क्षेत्रात कोवळी रानंही सापडतात, आणि त्यांच्या शेंड्यावर साठा नसतो.

राखेवर फार वेळ घालवत नाही. पोटॅश आणि चुना मिळतो, नत्र बराचसा धुरातून उडून जातो. आणि येऊरच्या उतारावर जूनच्या पहिल्या दणक्यात ती राख नाल्यात जाते, सोबत उघडी पडलेली मातीही.

खरा धोका शेवटच्या सल्ल्यात आहे. आपल्या डोंगरांवर राळेने बंद केलेले शंकू नाहीत. ऐनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळून खाली पाल्यात पडलेली असतात. काटेसावरीची बोंडं एप्रिलच्या सुमारास फुटतात आणि कापसासकट बी जमिनीवर येतं. म्हणजे वणव्याच्या दिवसांत बियांचा साठा थेट सरपणात असतो. सागाच्या फळाचं कवच कठीण आहे, खरंय. रोपवाटिकेत ते आलटूनपालटून भिजवतात आणि वाळवतात, त्यासाठी डोंगर पेटवावा लागत नाही.

शिवाय इथली आग शतकातून एकदा येत नाही. खारघर, पारसिक, येऊरच्या गवताळ उतारांवर तेच ते पट्टे थोड्या थोड्या वर्षांनी पेटतात, आणि बहुतेक वेळा माणसाच्या हातून. साग-खैराचं रोप वरून जळतं, खाली मूळ जिवंत राहतं, पावसात फुटवा येतो, पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. साल जाड होऊन शेंडा गवताच्या ज्वाळेच्या वर जायला सलग काही बिनआगीची वर्षं लागतात. ती मिळाली नाहीत की सावली जाते, गवत आणि रानमोडीचं तण वाढतं, आणि पुढच्या आगीला आयतंच सरपण.

'वनखातंही जाळतंच की' हा ग्रुपातल्या एकाचा युक्तिवाद. हो, जाळरेषेचा पट्टा जाळतं, डोंगर नाही. थंडीत, गवत पुरतं कडकडीत व्हायच्या आत, पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी कापून-झाडून घेतात, कापलेलं मध्ये ओढतात, आणि वारा पडलेला असताना माणसं उभी करून तेवढंच पेटवतात. हेच मार्चच्या दुपारी कुणी हौसेने केलं तर खाडीकडचा वारा सुटलेला असतो आणि आग चढाला लागते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग जवळपास दुप्पट होतो. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेही त्या ग्रुपवर टाका.

आणि श्रमदानाला जा. रोपांच्या बुंध्याशी घातलेलं वाळलं गवत फेब्रुवारीत काढून लांब टाका, ओल धरायला घातलेलं ते आच्छादनच आधी पेट घेतं. प्रत्येक रोपाभोवती मीटरभर घेर मातीपर्यंत साफ करा. धूर दिसला तर वनखात्याचा क्रमांक १९२६.