2 एमएम स्प्रिंग वायरच्या रिव्ह्यूला आमचा रिप्लाय

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. 2 एमएमची स्प्रिंग वायर कॉइलिंग मशीनवर सारखी तुटली, सर्टिफिकेट खोटं आहे, आणि प्रॉडक्शन काढायच्या नादात आम्ही एका पासला (म्हणजे डायच्या, साच्याच्या भोकातून एकदा ओढताना) जास्त ओढतो, हलके हलके पास घेतले असते तर तुटली नसती, असं तुम्ही लिहिलंय. टेम्पोच्या उशिराचं ट्रान्सपोर्टवाल्याच्या कानावर घातलंय.

पण हलक्या पासचं उलटं असतं हो. डायचा कोन तोच ठेवून रिडक्शन (वायरच्या आडव्या छेदातली घट) कमी केलं की नुसता वरचा थर दबतो आणि मधल्या गाभ्यावर ताण येतो, मग तिथे एखादा कडक कण असला की त्याच्या कडेला बारीक पोकळी पडते, पुढच्या पासला ती वाढते, शेजारच्या पोकळीला मिळते आणि आतल्या आत बाणाच्या टोकासारखी क्रॅक तयार, वरून वायर एकदम चकाचक. म्हणून तर आम्ही 12 डिग्री कोनाच्या डायमधून पासला 20 टक्क्यांच्या आसपास रिडक्शन घेतो, 5.5 एमएमची रॉड 2 एमएमवर यायला 9 पास होतात, यात हावरटपणा कुठे आला?

तुम्ही पाठवलेले तुकडे बघितले. एक टोक खोलगट, दुसरं निमुळतं, आणि तुटल्या जागी वायर बारीक झालेलीच नाही, म्हणजे क्रॅक आधीपासून आत होती, तुमच्या सेटिंगचा संबंध नाही (ऑपरेटरला सांगा, उगाच बिचारा बोलणी खात असेल). तुकडा लांबीत उभा कापून, पॉलिश करून, नायटल (स्टीलची आतली रचना उठून दिसावी म्हणून लावायचं ॲसिड) लावून मायक्रोस्कोपखाली धरला तर बरोब्बर मध्यावर सिमेंटाइटची (लोखंड-कार्बनच्या कडक, ठिसूळ संयुगाची) जाळी! बिलेट (रॉड ज्यापासून बनते तो स्टीलचा ठोकळा) ओतताना कार्बन, मँगनीज मधोमध गोळा झालं की असं होतं, ही जाळी ताणली जात नाही, तडकते. त्याच डायवर दुसऱ्या हीटचा (भट्टीतल्या दुसऱ्या घाण्याचा) माल नीट चाललाय, त्यामुळे रॉडवाल्याकडे क्लेम टाकलाय.

सर्टिफिकेट खोटं नाहीये. टेन्साइलला (ओढून ताकद मोजायच्या टेस्टला) कॉइलच्या टोकाचा हातभर तुकडा जातो, क्रॅक पुढे कुठेतरी असेल तर आकडा ओकेच येणार. तेवढा ‘खोटं’ शब्द काढा, स्टार एकच ठेवलात तरी चालेल.

तुटलेल्या वायरच्या हीटच्या उरलेल्या कॉइल मशीनवर चढवू नका, टॅग तोडू नका, सगळ्या बदलून देतोय, टेम्पोभाडं आमच्याकडे.